टाकीजवळची साडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवर साडी अंथरणं. चैत्र संपत आला होता. ऊन उतरल्यावर आम्ही तीन जिने चढून वर गेलो. तिच्या हातात जुनी सुती साडी, माझ्या हातात पिशवी. पिशवीत दोन दगड, एक अर्धी वीट आणि तुटक्या वरवंट्याचा तुकडा. पाण्याच्या टाकीजवळचा उगवतीकडचा कोपरा तिला पाहिजे होता, कारण तिथं पहिलं ऊन येतं. मी साडी पसरली.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

"उद्या हिच्यावर बिबड्या थापायच्या आहेत, हिचं लग्न लावायचं नाही."

"जन्मभर ट्रकमध्ये केळीचे घड सरळ लावले, आणि घरचं एक कापड सरळ टाकता येत नाही!"

मी साडी सरळ केली. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. ती टाकीला टेकून बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "सकाळी लवकर उठा. पाणी शिंपडायला माणूस लागतो." मी म्हणालो, "बघू."

सकाळी मी लवकर उठलो. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही. बरं झालं. आणखी लिहून ती काही परत येणार नाही, म्हणून आणखी लिहीत नाही. तिने तीन दिवस भिजवलेली ज्वारी सुतकाच्या घरात कोण कांडणार? ती मागच्या गल्लीतल्या म्हशीने खाल्ली. त्या दिवशी आसपास एकटी तीच खूश असेल.

बाहेरच्या माणसाला आमची गच्ची सांगायला पाहिजे. इमारत एक, बिऱ्हाडं आठ, गच्ची एकच. उन्हाळ्यात आठही घरांत बिबड्या होतात. ज्वारी भिजवायची, कांडायची, लसूण, तीळ, मीठ घालून तिचा घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचा. खडखडीत वाळल्या की डब्यात भरायच्या, वर्षभर भाजून नाहीतर तळून खायच्या. आता आठ घरांच्या बिबड्या एका गच्चीवर, म्हणजे भांडणाला निमंत्रणच. म्हणून रीत अशी, की आदल्या संध्याकाळी ज्याने कापड टाकून कोपऱ्यांवर दगड ठेवले, ती जागा त्याची. ना कुलूप, ना पाटी. चार दगड दिसले की बाई आपली परात घेऊन दुसरीकडे वळते.

ती गेली त्या उन्हाळ्यात बायकांनी टाकीजवळचा तो तुकडा मोकळाच ठेवला. साडी मी काढली नाही, कोणी हलवली नाही. पाऊस आला तेव्हा शेजारच्या अक्कांनी ती काढली, धुतली आणि घडी करून मला आणून दिली. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि तोंडाने माझ्याहून मोठ्या.

या वर्षी पुन्हा उन्हाळा आला. पुन्हा बाकीच्या घरांतून ज्वारी भिजल्याचा आंबूस वास यायला लागला. मी पेटीतून साडी काढली, पिशवीत दगड भरले आणि वर गेलो. टाकीजवळ साडी अंथरली, सरळ अंथरली. सकाळी पुन्हा वर गेलो, साडी गोळा केली, खाली आलो. संध्याकाळी पुन्हा वर. असं रोज. आमच्या घरात ज्वारी भिजलेली नव्हती, घाटा कोणी शिजवणार नव्हतं. तरी जागा तिची होती आणि ती मी कोणाला देणार नव्हतो. हे मी कोणाला बोललो नाही. कोणी विचारलंही नाही. बायका माझ्या साडीकडे बघायच्या आणि आपलं कापड जरा आखडून टाकायच्या.

आता सून. मुलगा धुळ्याला नोकरीला आहे, सोमवारी सकाळच्या गाडीने जातो, शनिवारी येतो. घरात मी आणि सून. ती लॅपटॉपवर घरूनच काम करते. काय करते ते दोन वर्षं मी विचारलं नव्हतं. लोकांना सांगायचो, "कॉम्प्युटरचं काहीतरी." एक दिवस दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, तुम्हाला एक नोकरी देऊ का?"

"कसली?"

"वीज घालवायची."

तिने मला आतल्या खोलीत नेलं. तिथं पेटीवर एक काळा डबा होता, त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, नुसता एक हिरवा दिवा. डब्याची वायर भिंतीतल्या बोर्डात. तिचा लॅपटॉप बाजूला, त्याला वेगळी वायर.

"हा डबा काम करत असला की दिवा लुकलुकतो," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल तेव्हा भिंतीवरचं बटण बंद करायचं. मला सांगायचं नाही, मला विचारायचं नाही."

"बिघडेल ना!"

"बिघडतो का तेच बघायचंय. पुण्याच्या ऑफिसात हे काम मशीन करतं, पण ते ठरलेल्या वेळी बंद करतं. खरी वीज कधी ठरवून जाते का?"

"आपल्याकडे तर नाही," मी म्हणालो. काम मला पटलं.

तरी मी चौथी शिकलेला. समजल्याशिवाय हात लावत नाही, ही रावेरला ट्रक भरताना लागलेली सवय. तिला म्हणालो, नीट सांग. तिने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये जे काही लिहायचं ते डिस्कवर जातं. कुठलं कुठं ठेवायचं हे बघायला आत एक कारभारी असतो, त्याला फाइलसिस्टिम म्हणतात. एखादी फाइल मोठी होणार असेल तर ती आधीच कारभाऱ्याला सांगते, एवढी जागा माझ्यासाठी राखून ठेव. मग डिस्क भरली तरी तिची जागा तिला मिळाली पाहिजे. आधी हा कारभारी ती सगळी जागा शून्यांनी भरून काढायचा, त्याला वेळ लागायचा. आता नवीन सोय केली होती, की काही भरायचं नाही, नुसती खूण करायची की ही जागा अमक्या फाइलची.

"दगड ठेवायचे," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. पुढं सांग."

"पण खाली जुनं कुणाचं तरी लिहिलेलं पडलेलं असतं, आबा. नुसती खूण केली तर ते पुसलं जात नाही. म्हणून फाइल उघडून वाचली तर तिथं रिकामं दिसलं पाहिजे. जुनं दिसता कामा नये. वीज गेली तरी, काही झालं तरी."

हे मला तिने सांगायच्या आधीपासून माहीत होतं म्हटलं तरी चालेल. तीस वर्षं मी रावेरला केळीचे ट्रक भरले. ट्रक एका बागेत भरत नाही, तीन-चार बागा फिरतो. शेवटच्या बागेची जागा आधीच ठेवावी लागते, आणि ती रिकामी ठेवली तर वाटेत बाकीचे घड तिच्यात कोसळतात. म्हणून आम्ही त्या जागेत केळीचा वाळलेला पाला दाबून भरायचो. शेवटच्या बागेत पाला काढायचा, घड लावायचे. एकदा मी पाला काढायचाच विसरलो. व्यापाऱ्याने दिल्लीला माल उतरवला तर मध्ये पालाच पाला. त्याने फोनवर काढलेल्या शिव्या मालकाने मला जशाच्या तशा ऐकवल्या, हिंदीसकट.

सुनेला हे सांगितलं तर ती लॅपटॉपवर डोकं टेकवून हसली. "आबा, हेच! पाला वाचणाऱ्याला दिसला नाही पाहिजे!"

मग तिने विचारलं, "जुनं म्हणून डिस्कवर आधी एकच शब्द भरायचाय. सगळीकडे तोच. म्हणजे कुठं दिसला तर लगेच ओळखता येईल. कुठला भरू?"

मी वर बघितलं. गच्चीवर बायका बिबड्या राखत होत्या, त्यांचा हाकारा खोलीत ऐकू येत होता.

"कावळा," मी म्हणालो.

तिने अख्खी डिस्क कावळ्यांनी भरली. मग कारभाऱ्याला जागा राखायला सांगायची, लिहायला लावायचं, मी बटण बंद करायचं. पुन्हा सुरू करायचं, आणि ती बघायची, फाइलमध्ये कावळा आहे का. नसला की लॅपटॉपवर हिरवी ओळ.

मी मन लावून काम केलं. कधी लागोपाठ बटण दाबायचो, कधी चहा पिऊन आल्यावर. कधी बटणावर बोट ठेवून बसायचो आणि दाबायचो नाही. सून ओरडायची, "आबा, फसवू नका!" मी म्हणायचो, "मी कशाला फसवू? वीज अशीच असते." पंधरा दिवस हिरव्या ओळी. एकही कावळा नाही. जेवताना मी तिला विचारायचो, "आला का?" ती म्हणायची, "नाही आला." मुलगा शनिवारी आला तर आम्हा दोघांकडे बघतच राहिला. वर्षभरात त्याने मला जेवताना इतकं बोलताना बघितलं नव्हतं.

"दोन दिवसांनी मी लिहून देणार, सोय चांगली आहे म्हणून," तो परत गेल्यावर सून म्हणाली. "मग ती जगभर जाईल. आणि नंतर कुणाचं काही गेलं, तर लिहून देणारी मी."

"नाही जाणार," मी म्हणालो. "पंधरा दिवस बघतोय ना."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर माझं अक्कांशी भांडण झालं.

इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांच्याही बिबड्या त्याच दिवशी, म्हणून गच्ची अपुरी पडली. मी साडी गोळा करायला वर गेलो तर अक्कांचं कापड माझ्या साडीला लागून टाकलेलं. घाटा त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला होता. कापड संपलं, घाटा उरला. तर अक्कांनी हात न थांबवता पुढची रांग सरळ माझ्या साडीवर थापली होती. सहा बिबड्या पूर्ण माझ्या साडीवर, आणि मधल्या आणखी चार तर अर्ध्या त्यांच्या कापडावर, अर्ध्या माझ्या.

"अक्का, ही जागा माझी आहे," मी म्हणालो.

"मी कुठं घरी घेऊन चालले? घाटा गार होत होता, भाऊ."

"दगड दिसले नाहीत का?"

"दगड दिसले. पण रिकामी शे ना ती! वीस दिवसांपासून रिकामी शे." अक्का चिडल्या की धुळ्याची बोली बाहेर पडते. "बठ्ठी गच्ची तुम्हनीच शे का?" सगळी गच्ची माझीच आहे का, असं विचारत होत्या.

माझं डोकं फिरलं. मी वाकलो, दगड बाजूला केले आणि साडी ओढली. अर्ध्या-अर्ध्या थापलेल्या चारही बिबड्या फाटल्या. निम्म्या त्यांच्याकडे राहिल्या, निम्म्या माझ्या साडीबरोबर आल्या. माझ्याकडच्या पूर्ण होत्या त्या साडीच्या घडीत एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. अक्का ओल्या हाताने तशाच बसून राहिल्या. त्या शिव्या देतील असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आता सावकाश, "ऊन टाकीला लागलं आणि तोपर्यंत कोणी थापलं नसलं, तर जागा ज्याला लागेल त्याची. हा कायदा गच्चीवर कोणी केला ठाऊक शे का?"

मला ठाऊक होतं. आमच्याच हिने केला होता. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरची एक बाई नुसती जागा धरून ठेवायची आणि दहा वाजेपर्यंत यायचीच नाही, तेव्हा हिने तिला बजावलं होतं, "ज्याच्या चुलीवर घाटा, त्याचीच जागा." मी तेव्हा तिथंच उभा होतो, पाणी शिंपडायला.

साडी काखेत मारून खाली आलो.

सून डब्यापुढे बसली होती. माझ्या काखेतून घाटा गळताना बघून म्हणाली, "हे काय?"

मी सगळं सांगितलं. माझी चूक असलेला भाग जरा भरभर सांगितला. ती हसेल किंवा रागावेल असं वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. मान तिरपी करून म्हणाली,

"अर्ध्या राखलेल्या जागेत आणि अर्ध्या बाहेर?"

"चार बिबड्या. बाकीच्या पूर्ण होत्या."

"आणि त्याच चार फाटल्या."

"ओढल्यावर फाटणारच!"

"आबा, थांबा." तिने लॅपटॉप ओढला. "राखलेल्या जागेच्या आत लिहिणं, ही टेस्ट मी केलीय. बाहेर लिहिणं, तीही केलीय. एकच लिहिणं राखलेल्या जागेत सुरू झालं आणि जागा संपली म्हणून तसंच पुढं बाहेर गेलं, आणि मध्येच वीज गेली... ही नाही केली."

"मग कर," मी म्हणालो. "मी बटणाशी बसतो."

तिला ते लिहायला तास लागला. तोवर मी साडी धुतली. घाट्याचे डाग सुती साडीतून लवकर निघतात. मग बसलो. दिवा लुकलुकायला लागला, मी बटण दाबलं. हिरवी ओळ. पुन्हा, हिरवी. पुन्हा, हिरवी. सून म्हणाली, "नसेल काही." मी म्हणालो, "अक्का माझ्या साडीवर काय सांगून आल्या होत्या का? तू लिहीत जा." आणखी पाच-सहा वेळा झालं. मग एकदा दिवा नुकताच लुकलुकायला लागला होता आणि मी लगेच दाबलं, रागातच दाबलं म्हणा, सकाळचा राग शिल्लक होता.

डबा सुरू झाला. लॅपटॉपवर लाल ओळ आली. सुनेने ती फाइल उघडली. वरून सगळं ठीक होतं, तिने लिहायला लावलेलं होतं तेच. ती खाली खाली जात राहिली. आणि अगदी शेवटी, जिथं राखलेली जागा संपून बाहेरचं सुरू होतं तिथं,

कावळा कावळा कावळा कावळा कावळा

"आला!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडलो, की वर गच्चीवर बायकांना वाटलं बिबड्यांवर कावळा बसला. दोघी हाकारायला धावल्या, असं नंतर कळलं.

सून उडी मारून उभी राहिली. तिने माझा हात धरून गदागदा हलवला. काय झालं होतं तेही सांगितलं. फाइल म्हणत होती, माझं एवढं लिहून झालं, पण शेवटचा तुकडा डिस्कवर पोचायच्या आतच वीज गेली होती. फाइलची लांबी नोंदली गेली, आतलं लिहिणं पोचलं नाही. तिथं खालचा जुना कचरा दिसायला लागला. अशी फाइल कुणाच्या दवाखान्यात असती, कुणाच्या बँकेत असती, तर वाचणाऱ्याला दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी दिसलं असतं.

"आणि मी उद्या लिहून देणार होते, सगळं चांगलं आहे म्हणून!"

"बिघाड सापडला म्हणून नाचणारी माणसं पहिल्यांदाच बघतोय," मी म्हणालो. पण मीही हसत होतो. तिने मुलाला धुळ्याला फोन लावला आणि सांगितलं, "आबांनी बग काढला." तो म्हणाला, "कुणी?" तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, "कुणी?"

संध्याकाळपर्यंत तिने पुण्याला सविस्तर लिहून पाठवलं. लिहिताना मला वाचून दाखवायची. त्यात गच्ची नव्हती, अक्का नव्हत्या. मी म्हणालो, "अक्कांचं नाव घाल." ती म्हणाली, "तसं घालता येत नाही हो."

मग चहा घेता घेता मी तिला विचारलं. मला विचारायचंच होतं.

"एखाद्या फाइलने जागा राखून ठेवली आणि पुढं काही लिहिलंच नाही तर?"

"तर जागा अडून राहते. दुसऱ्या फाइलींना सांगितलं जातं, डिस्क भरली. आत बघाल तर काहीच नाही, पण भरली."

"मग काय करतात?"

"सोडून द्यायला सांगतात. त्यालाही सोय आहे. जागा तेवढी मोकळी होते." तिने कप खाली ठेवला. "फाइल पुसत नाहीत, आबा. तिचं नाव तसंच राहतं. तिच्यात लिहिलेलं तसंच राहतं. न लिहिलेली जागा फक्त सुटते."

"हे तू मला सांगतेस की फाइलचं सांगतेस?"

"तुम्ही फाइलचं विचारलंत."

ती सासूवर गेली आहे. रक्ताचं नातं नाही, पण पाच वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात होत्या, त्याचं लागलं असेल.

चहा संपवून मी अक्कांच्या दारात गेलो. माफी मागायची मला सवय नाही. जिच्याजवळ मागायची वेळ यायची ती न मागताच समजून घ्यायची, त्यामुळे सवय लागलीच नाही. दारात उभा राहून म्हणालो, "अक्का, दहा बिबड्यांचं नुकसान केलं मी."

"दहा नाही," आतून आवाज आला. "फाटलेल्या वाळवल्या मी. तळल्यावर कोणाला कळतंय!"

"मग सहा."

"सहा."

"उद्या कोणाचा घाटा आहे?"

"नवीन बिऱ्हाडाची बाई. आज तिला जागाच कमी पडली, तिची निम्मी ज्वारी पडून शे. मीच जाणार मदतीला." अक्का दारात आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. "का हो भाऊ?"

"टाकीजवळ टाका म्हणावं. पण कापड माझं."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला, मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आणि पाणी शिंपडायला?"

"येतो की," मी म्हणालो. "दुसरं काय येतं मला!"

सकाळी उजाडायच्या सुमाराला उठलो. सून आधीच उठली होती, म्हणाली, मीही येते. साडी, पिशवी, पाण्याची बादली घेऊन आम्ही वर गेलो. टाकीजवळ साडी पसरली. वाकडी पडली, सरळ केली. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. अक्का आणि नवीन बिऱ्हाडाची बाई घाट्याचं पातेलं धरून जिन्यातून आल्या, वाफ त्यांच्या तोंडावर. मी साडीवर पाणी शिंपडलं.

"जास्त झालं," अक्का म्हणाल्या.

"गेल्या वर्षीचं राहिलेलं धरून शिंपडलं."

त्या थापायला लागल्या. गोल, पातळ, एकसारख्या. मी बघत बसलो होतो. अक्कांनी एक पळी घाटा माझ्या पुढ्यात ओतला. "बघता काय? सहा देणं लागता तुम्ही." मी हात ओला केला आणि थापायला गेलो. हात असा पोळला, की मी तीस वर्षांत रावेरला दिली नसेल अशी शिवी दिली. नवीन बाई बिचारी दचकली. सून म्हणाली, "आबा, पाणी लावत लावत!" पहिली बिबडी रावेरच्या नकाशासारखी झाली. दुसरीला भोक पडलं. तिसरी अक्कांनी बघितली आणि म्हणाल्या, "ही चालेल. म्हशीला." सहा झाल्या. सहावी बऱ्यापैकी गोल होती, कोणी मान्य केलं नाही तरी होती.

ऊन टाकीला लागलं तेव्हा साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. ओली साडी घाट्याच्या वजनाने फरशीला बसते, वारा आला तरी उडत नाही, तिला दगड लागत नाहीत. मी ते चारही उचलले, टाकीखाली सावलीत ठेवले आणि काठी घेऊन कावळे राखायला बसलो.